आधी कापा, मग भांडा

मी करवत बोलतेय. दचकू नका. दात दिसताहेत म्हणजे चावायलाच आलेय असं नाही. कधीकधी बाई नुसतीच हसत असते.

तुमच्या घरी हत्यारांच्या पेटीत असते ती करवत मी नव्हे. ती एका मुठीची, माझी धाकटी बहीण. स्वतंत्र राहते, कुणाच्याही हातात मावते, कुणाचं काही ऐकावं लागत नाही. मी दोन मुठींची. लांबीला धट्ट्याकट्ट्या माणसाएवढी, दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ, आणि मधोमध पोट सुटलेलं. हे पोट वयाने आलेलं नाही, आधीच सांगून ठेवते. मला घडवलंच तसं. धार मधोमध खाली झुकलेली असली की लाकडात शिरायला सोपं जातं. सुटलेल्या प्रत्येक पोटामागे असं काहीतरी शास्त्र असतं, असं माझं मत आहे. निदान सांगायला तरी बरं पडतं.

दोन मुठी म्हणजे दोन माणसं. एकट्याने मला उचललं तर मी डोलते, वाकते आणि रडक्या आवाजात गाणं म्हणते. करमणुकीला ठीक. कामाला शून्य.

माझा जन्म एका खडूस लोहाराकडे झाला. त्याने मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि मग कानस घेऊन एकेक दात घासत बसला. बरं, घासून सरळ तरी ठेवावेत! तेही नाही. एक दात जरासा उजवीकडे कलता, पुढचा डावीकडे, त्याच्या पुढचा परत उजवीकडे. माणसाच्या मुलीचे असे दात असते तर आईबापांनी तिला तारा लावून घेतल्या असत्या.

शेजारचा दुकानदार म्हणालाही, "अहो, चांगले दात वाकडे कशाला करताय?"

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "सगळे सरळ ठेवले तर लाकडात अडकून बसेल. सगळे एकाच बाजूला कलवले तर भरकटेल. तुम्ही तुमचं दुकान बघा."

तिथून मी गेले लाकडाच्या एका वखारीत. वखार दोन भावांची होती. माझ्या एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. आणि दोघांचं बोलणं बंद! कशावरून, तर थोरल्याने म्हणे धाकट्याच्या सासऱ्यांना दारात "या" म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरून अबोला सुरू झाला तो संपेचना. घरी सगळे निरोप बायकांमार्फत. थोरला बायकोला सांगायचा, "त्याला सांग, उद्या लवकर निघायचंय." तो 'त्याला' समोरच बसून पायमोजे घालत असायचा.

पण वखारीत काय, मी मध्ये होते ना. एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि दिवसभर ओढायचं. हा ओढतोय तेव्हा तो सोडतोय, तो ओढतोय तेव्हा हा सोडतोय. थोरल्याचा खांदा भरून आला की त्याची मूठ जराशी सैल व्हायची, धाकटा लगेच चाल मंद करायचा. कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. प्रेमाची भरती आल्याशिवाय माणसांना एकत्र काम करता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या वखारीत यायला हवं होतं.

थोरल्याची लेक भुशाच्या ढिगावर बसून हे सगळं बघायची. फार प्रश्न विचारायची कार्टी. विजेवर चालणारं यंत्र आलं, मला खिळ्यावर टांगलं गेलं, वखार बंद झाली, दोघं भाऊ थकले, तोपर्यंत ती शिकून विद्यापीठात शिकवायला लागली होती. वखार रिकामी करताना सगळे म्हणाले, हे धूड भंगारात टाका. तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षातून घेऊन गेली. माझं एक टोक रिक्षाच्या बाहेर. वाटेत दोन सायकलवाल्यांनी आम्हाला ऐसपैस रस्ता दिला, एवढं आठवतंय.

मी तिला मास्तरीण म्हणते. मुलं मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण तिचं मीठ खाल्लंय.

मास्तरणीकडे विषय कुठला, तर शेवटच्या वर्षाच्या इंजिनियरिंगच्या मुलांना गटात काम करायला शिकवणं. वेळापत्रकात त्याचं नाव चांगलं हातभर लांब आहे. मुलं त्याला 'गटबिट' म्हणतात. सगळ्यांना सक्तीचा, आणि आवडता कुणाचाच नाही.

तिच्या खोलीतल्या कपाटावर मी बरीच वर्षं आडवी पडून होते. धूळ खात, आणि दुसरं काही खायला नसल्यामुळे लोकांना नावं ठेवत. विभागप्रमुख एकदा मान वर करून म्हणाले, "मॅडम, हे काय, मार्क कापायला आणलंय?" आणि स्वतःच हसत बाहेर गेले.

वरून मला सगळं दिसायचं. मुलं चौघाचौघांनी यायची. गट पाडून दिला की पहिलं वाक्य ठरलेलं: "चल, वाटून घेऊ." तू सुरुवात लिही, मी शेवट लिहितो, हिचं अक्षर चांगलं आहे, ही आकृत्या काढेल, आणि त्याला काय येतं? काही नाही ना? मग तो छपाई करून आणेल. संपलं गटकार्य! मग शेवटच्या दिवशी चार तुकडे डिंकाने चिकटवायचे. एका गटाच्या सादरीकरणात पहिल्या मुलाने जे सिद्ध केलं, ते तिसऱ्या मुलीने तेवढ्याच आत्मविश्वासाने खोडून काढलं. दोघांनाही पत्ता नव्हता, कारण दोघांनी एकमेकांचं वाचलंच नव्हतं.

मास्तरीण बिचारी व्याख्यानं द्यायची. पडद्यावर एकावर एक ठेवलेल्या हातांची चित्रं दाखवायची. मुलं ती चित्रं उतरवून घ्यायची आणि पेपरात तशीच्या तशी काढायची. पैकीच्या पैकी मार्क. आणि बाहेर पडल्यावर परत "चल, वाटून घेऊ."

एकदा दोन मुलं तिच्या टेबलासमोर उभी राहून अशी भांडली, अशी भांडली की माझी धूळ उडाली. मास्तरणीचा चहा गार झाला होता आणि डोकं गरम. तिने खुर्चीवर चढून मला खाली ओढलं. कार्यशाळेच्या मागे एक जुनं झाड उन्मळून पडलं होतं, त्याचे ओंडके तिथेच होते.

"ही घ्या," ती म्हणाली. "दोघांनी मिळून एक चकती कापून आणा. आधी कापा, मग भांडा."

नियम जन्माला आला तो असा, वैतागातून. त्यात कसलं तत्त्वज्ञान होतं हे तिला नंतर सुचलं. आता ती ते परिषदांमधून सांगते, आणि मी मागे राहून दात काढते.

नियम सोपा. गटातल्या कुणाबद्दल तक्रार असेल, तर ज्याच्याबद्दल आहे त्याच्याचबरोबर एक चकती कापायची आणि ती टेबलावर ठेवून मगच तोंड उघडायचं. चकत्या साठत गेल्या. आता मास्तरणीच्या खोलीत चहाचे कप चकतीवर, कुंडी चकतीवर, दार उघडं ठेवायला चकती. आणि चकती हातात घेतली की ती बरोबर सांगते, "इथे तू ढकलत होतास. इथे तू हिच्यावर चिडली होतीस. आणि इथे दोघं मोबाईल बघत होतात."

नेहमी गोड शेवट व्हायचा असं समजू नका. एका जोडीने आरशासारखी गुळगुळीत चकती कापली आणि तरीही गट मोडला. एका जोडीने पुढे लग्न केलं. त्याचं खापर माझ्यावर फोडू नका.

पण मला सांगायचंय ते तिघांबद्दल.

खरं तर ते चौघं होते. पण चौथीने पहिल्याच बैठकीत गटाची प्रमुख कोण ते पाहिलं आणि दुसऱ्या गटात पळाली. प्रमुख म्हणजे मुकादम. नावं मीच ठेवलेली आहेत. कपाटावर पडल्या पडल्या दुसरं काय करणार. मुकादम ही बारकी, चष्मेवाली, पहिल्या वर्षापासून पहिल्या नंबराची मुलगी. ती चालायला लागली की वाटायचं मागे पन्नास मजूर येताहेत. दुसरा पोचतोच. फोनवर कायम "पोचतोच आहे!" म्हणणारा, आणि ते म्हणताना अंघोळीला निघालेला. तिसरा बरं. उंच, खांदे पाडून चालणारा. त्याला काहीही सांगा, तो म्हणायचा, "बरं."

ग्रंथालयाच्या दाराशी काही उंच पायऱ्या होत्या. पुस्तकांची ढकलगाडी दोघांनी उचलून चढवावी लागायची. आणि ग्रंथपालबाईंचे गुडघे असे की त्या पायऱ्यांशी रोज सकाळी हुज्जत घालायच्या. तिथे एक लाकडी रॅम्प बनवायचा, हा या तिघांचा प्रकल्प.

"चल, वाटून घेऊ," मुकादम म्हणाली. वरचा अर्धा भाग मी. खालचा अर्धा पोचतोच. बाजूचा कठडा बरं. चित्र तिने एकटीने काढलं, एका रात्रीत, रंगीत रेघा मारून.

"कळलं ना?"

"हो हो," पोचतोच म्हणाला.

"बरं," बरं म्हणाला.

सत्र अर्धं संपलं. मुकादमचा भाग तयार. पोचतोचचा झाला म्हणत होता. कठड्याची एक फळीही कापलेली नव्हती. एका दुपारी मुकादम मास्तरणीसमोर येऊन उभी राहिली, मागे पोचतोच.

"मॅडम, त्याला गटातून काढायचंय."

"कुणाला?"

"बरं... म्हणजे, त्याला." मी ठेवलेलं नाव तिच्या तोंडी कसं आलं कुणास ठाऊक. "तो काहीच करत नाही. विचारलं की म्हणतो, बरं, करतो. मॅडम, मी अंगावर ओरडूनही बघितलं."

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला!"

विद्यापीठाचा नियम असा होता की सत्राच्या मध्यापर्यंत गटाला एखाद्याला वगळता यायचं. दोघांचाच गट राहिला तर काम कमी धरायचं. कठडा नाही केला तरी चालणार होतं. म्हणजे मुकादमचं काम वेळेत, मार्क पूर्ण, पहिला नंबर शाबूत. वगळलेल्याचा विषय मात्र गेला, आणि विषय गेला की वर्ष गेलं. बरंचं एक वर्ष आधीच आजारपणात गेलेलं होतं. घरून सांगून ठेवलं होतं, यंदा सुटलास तर ठीक, नाहीतर परत ये आणि मामाच्या दुकानात बस. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरणीला माहीत होतं. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"नियम माहीत आहे ना?" तिने कपाटावर बोट दाखवलं.

"मॅडम, तो भांडणाऱ्यांसाठी आहे," मुकादम म्हणाली. "आम्ही भांडत नाही. आम्ही फक्त त्याला काढतोय."

"वा! फक्त?"

"मी आणि हा कापून आणतो ना लगेच."

"तक्रार याच्याबद्दल आहे?"

"नाही..."

"मग ज्याच्याबद्दल आहे त्याला बोलाव."

कार्यशाळेच्या मागे लाकडी घोडीवर ओंडका आडवा ठेवला. माझ्या एका मुठीला मुकादम, दुसरीला बरं. पोचतोच पोचत होता. मास्तरीण निघून गेली. म्हणजे मुलांना तसं वाटलं. ती दाराआड कप घेऊन उभी होती, तिच्या चपला मला दिसत होत्या.

"मी म्हणेन तेव्हा ओढायचं," मुकादम म्हणाली. "ओढ!"

बरंने ओढलं. आणि तिने त्याच वेळी, मदत म्हणून, तिकडून जोरात ढकललं.

आता माझं शरीरशास्त्र समजून घ्या. मी पातळ आहे. पोट सोडलं तर. मला ओढलं की मी ताठ राहते, ढकललं की मधोमध कमान होते. कमान झाली की दात खाचेत आडवे होतात आणि मी खाडकन अडकते. मला एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने त्या वेळी नुसतं बरोबर यायचं. माणसांना हेच जमत नाही. त्यातही हुशार माणसांना अजिबात नाही.

खर्र... टक्.

"नीट धर ना!"

"बरं."

खर्र... टक्.

"दाबू नकोस खाली!"

"बरं." तो दाबत नव्हता.

मग पोचतोच आला, कानातलं गाणं काढून म्हणाला, "झालं का? नाही? मी काय करू?"

खाच जरा खोल गेली होती आणि ओंडका दोन्हीकडून मला चिमटीत धरायला लागला होता. अशा वेळी वरून खाचेत लाकडाची पाचर ठोकून फट उघडी ठेवावी लागते. तुमच्यात पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. आमच्यात पाचर मारणारा नसेल तर सगळं कामच अडतं. मुकादमने पोचतोचला हातोडी दिली. "ही ठोकत राहा. आणि मध्ये बोलू नकोस."

परत सुरू. खर्र... टक्. खर्र... टक्. मुकादमच्या चष्म्यावर भुसा, कपाळावर घाम.

"अरे, ओढ ना!"

"नाही."

हातोडी हवेतच थांबली. दाराआडच्या चपला एक पाऊल पुढे आल्या.

"काय नाही?" मुकादम म्हणाली.

बरंचा चेहरा लाल झाला होता. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला; चांगला भरदार होता. "तू ढकलतेस. मी ओढतो तेव्हा तू तिकडून ढकलतेस. म्हणून ती वाकते. मी ओढत असेन तेव्हा तू... काही करू नकोस."

"काही करू नको? मग काय नुसती उभी राहू?"

"मूठ धरून. हो."

त्या मुलीला जन्मापासून कुणी 'काही करू नकोस' असं सांगितलंच नव्हतं. "ठीक आहे," ती म्हणाली. असं म्हणाली जशी काही किडनी देतेय.

पहिल्या खेपेला तिची बोटं शिवशिवली. दुसऱ्या खेपेला मनगट थांबलं. आणि तिसऱ्या खेपेला मी सर्रकन तिकडे गेले, सर्रकन इकडे आले. भुसा बारीक पडायचा थांबून लांब लांब सुरळ्या पडायला लागल्या. अहाहा. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी पाठ खाजवून द्यावी ना, तसं.

एकदा लय लागली की माणसं बोलायला लागतात. हात गुंतलेले, तोंडं समोरासमोर, पळता येत नाही.

"हे आधी का नाही बोललास?" मुकादमने विचारलं.

"तू विचारलंस कधी? तू सांगतेस."

सर्र. सर्र.

"आणि कठडा?"

त्याने आणखी चार-सहा खेपा ओढल्या. मग म्हणाला, "मला तुझं चित्र कळलं नाही."

"मग विचारायचं ना!"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, इतकं सोपं आहे."

"मी असं कधीच..."

"म्हणतेस," पोचतोच पाचरीवर हातोडी मारत म्हणाला. "मला दोनदा म्हणालीस. म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही."

मुकादमचे हात सुटले. मी खाचेत उभीच राहिले. "म्हणजे? तुलाही कळलं नव्हतं?"

"थोडं कळलं होतं."

"मग खालचा भाग केलास कसा?"

"अंदाजाने."

"अंदाजाने?!" कार्यशाळेच्या छपरावरचे कावळे उडाले.

चकती कापून पडली ती एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, रुसलेल्या पाहुण्याच्या तोंडासारखी. पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळ होता! तिघं धावत गेले, रॅम्पचे दोन्ही भाग ओढून आणले आणि एकाला एक लावले. मुकादमने उंची धरली होती पायऱ्यांच्या पायथ्याच्या फरशीपासून. पोचतोचने धरली होती फरशीच्या कडेच्या खोलगट मातीपासून. दोन्ही भाग जिथे भेटायचे तिथे वीतभर उंच धक्का उभा राहिला. म्हणजे पायऱ्या टाळायला केलेल्या रॅम्पच्या मधोमध यांनी एक नवी कोरी पायरी बसवली होती!

पोचतोच हसायला लागला. बरं हसायला लागला. मुकादम खाली बसली.

"ग्रंथपालबाई मला मारतील," ती म्हणाली, आणि मग तीही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण गणित तिला लगेच कळलं होतं. खालचा भाग परत करायचा म्हणजे उशीर. तरीही बरंला काढलं तर कठडा सुटतो. धावपळ केली तर दोघांत वेळेवर उरकतं. तिघं राहिले तर कठडा हवाच, आणि मुदत गेलीच म्हणून समजा. मुदत गेली की मार्क कमी. मार्क कमी की पहिला नंबर गेला.

मी परत कपाटावर गेले, आणि मास्तरणीच्या टेबलावर ती वाकडी चकती ठेवली गेली. मास्तरणीने ती हातात फिरवली. सुरुवातीच्या ओबडधोबड खाचांवरून बोट फिरवलं, मग मधला गुळगुळीत भाग बघितला. मग म्हणाली, "हं. बोला. काय तक्रार?"

"त्याला काढायचं होतं," मुकादम म्हणाली.

"होतं?"

"आहे. म्हणजे... मॅडम, त्याने इतके दिवस काही केलं नाही हे खरंय."

"खरंय," बरं म्हणाला.

"आणि मला एकदाही सांगितलं नाही."

"तेही खरंय."

मास्तरीण बोलली असती तर सगळं सोपं झालं असतं. मामाचं दुकान, गेलेलं वर्ष, दोन वाक्यांत मुकादमला रडवता आलं असतं. पण ती ओठ घट्ट मिटून बसली. दयेने ठेवून घेतलेला माणूस गटात पाहुणा होऊन राहतो, हे तिला ठाऊक असावं.

मुकादम बरंकडे वळली. "राहिलास तर करशील?"

"ब..." तो म्हणाला, आणि थांबला. त्याने गिळलेला तो शब्द मला कपाटावरून दिसला. "चित्र परत समजावून सांगितलंस तर करीन. आणि मला काय कळलं ते मी तुला उलटं सांगणार. ते बरोबर आहे असं तू म्हणालीस की मगच लाकडाला हात लावणार."

"त्यात किती वेळ जाईल!"

"जाईल."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिल्या वर्षापासूनचा तिचा नंबर त्या पुसण्यात किती वेळा आला-गेला असेल कोण जाणे.

"राहू दे मॅडम याला," ती म्हणाली. "हा 'नाही' म्हणतो. आमच्यात तेवढं एक कुणाला येत नव्हतं."

रॅम्प झाला. उशिरा झाला. ग्रंथालयाच्या दाराशी तिघं एकाच फरशीवर उभे राहून, एकच दोरी तिघांनी धरून मापं घेत होते. बघणाऱ्यांना वाटलं काहीतरी खेळ चाललाय. भांडणंही भरपूर झाली. पोचतोच दोनदा पोचलाच नाही, तर बरंने त्याला खोलीतून उचलून आणलं. कठड्याचा एक गज उलटा बसला तो बसलाच. पण ग्रंथपालबाई पहिल्या दिवशी कठडा धरून वर गेल्या, ढकलगाडी खडखडत त्यांच्या मागे गेली, आणि वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता हुज्जत कुणाशी घालू?"

मार्क कापले गेले. बरं सुटला, मध्यम मार्कांनी, पण सुटला. पहिला नंबर गेला, आणि गेला कुणाकडे, तर गटातून पळालेल्या त्या चौथीकडे! यालाच म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. निकालाच्या दिवशी मुकादम मास्तरणीच्या खोलीत येऊन बसली.

"वाईट वाटतंय?" मास्तरणीने विचारलं.

"हो."

"वाटू दे." आणि तिच्यासमोर चहा ठेवला.

हल्ली माझं काय चाललंय म्हणाल, तर विभागप्रमुखांच्या मनात एक योजना आहे. मला घासूनपुसून, सोनेरी रंग देऊन, प्रवेशद्वारापाशी काचेच्या पेटीत लावायचं आणि खाली लिहायचं 'सहकार्य'. पाहुण्यांना दाखवायला. ऐकून माझ्या अंगावर गंज आला. अहो, सोनेरी दात शोभायला मी काय कुणाची श्रीमंत आत्या आहे? माझी हात जोडून विनंती आहे, तेही दोन्ही मुठींनी: मला भिंतीवर लावू नका. भिंतीवर लावलं की माणसं समोरून जाताना मान डोलावतात आणि पुढे जाऊन परत वाटून घेतात. माझे दात बोथट झाले असतील तर कानस लावा. मूठ सैल झाली असेल तर खिळा मारा. पण लाकूड द्या, आणि दोन माणसं द्या, जमलं तर एकमेकांवर चिडलेली.

आत्ताच बघा ना. सुट्टी लागलीय, आवार सामसूम आहे. मुकादम उद्या पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी निघालीय. जाताना तिला एक चकती हवी होती, आठवण म्हणून. मास्तरीण म्हणाली, "तयार मिळणार नाही. हवी तर काप." बरं घरी गेलाय. पोचतोच पोचतोय. तेव्हा ही एकटीच मला खांद्यावर टाकून मागच्या अंगणात घेऊन आली, ओंडका घोडीवर चढवला, आणि एक मूठ धरून उभी राहिली. दुसरी मूठ हवेत. वाऱ्याने मी जराशी हलतेय.

पूर्वी तिने हे एकटीनेच करून बघितलं असतं. हाताला फोड येईपर्यंत. आज ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग पलीकडे झाडाखाली वाचत बसलेल्या एका अनोळखी मुलीला तिने हाक मारली. "अगं, जरा एक टोक धरतेस का?"

मुलगी आली, पुस्तक बाजूला ठेवून. पहिल्या वर्षाची असावी. माझे दात बघून बिचकली. मूठ दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मला यातलं काही येत नाही हं."

"चालेल," मुकादम म्हणाली. "कुठून कापूया? तुला काय वाटतं?"

मुलगी ओंडक्याकडे बघत विचार करू लागली. आणि मुकादम, चक्क, उत्तराची वाट बघत थांबली.

मंडळी, बोलणं आवरतं घेते. कुणीतरी ओढणार आता.